तिसरी रेषा साक्षीदार असते: त्रिकोणाचे संपातबिंदू आणि सुसम बहुभुजाकृती, क्रमाने आणि पडताळ्यासह

रचनेच्या वह्या तपासताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. दोन लंबदुभाजक (बाजूला तिच्या मध्यावर काटकोनात छेदणाऱ्या रेषा) नीट काढलेले असतात, एका बिंदूत छेदलेले असतात. तिसऱ्याचे कंसही काढलेले असतात, पण रेषा त्या कंसांच्या छेदांतून जातच नाही. पट्टी थेट आधीच्या छेदनबिंदूवर ठेवलेली असते. वही जरा जवळ घेतली की कळतं: कंसांचा छेद राहिला एका बाजूला आणि रेषा गेली दीड मिलिमीटर दुसऱ्या बाजूने. आकृती सुबक दिसते, पण कुठे चुकलं हे सांगणारा एकमेव पुरावा पुसला गेलेला असतो.

बहुभुजाकृतींतही हेच होतं. पंचकोनाची शेवटची बाजू कंपासने न मोजता नुसती जोडून टाकतात आणि सगळी चूक तिच्यात लपते.

म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यानंतर पडताळा दिला आहे. तो वगळून पुढे गेलात तर चूक तीन टप्प्यांनंतर सापडेल, आणि तेव्हा सगळंच खोडावं लागेल.

१. साहित्य तयार करा

कंपासपासून सुरुवात. दोन्ही पाय उघडून हलकेच हलवा. ते आपोआप सरकत असतील तर स्क्रू आवळा. सैल कंपासने केलेली कुठलीही रचना विश्वासाची नाही, कारण दोन कंसांच्या मध्येच अंतर बदलतं आणि ते डोळ्याला दिसत नाही.

सुईचं टोक शिशापेक्षा किंचित पुढे असू द्या. सुई कागदात थोडी रुतते, त्यामुळे रुतल्यावर दोन्ही टोकं एका पातळीत येतात. शिसं बोथट गोल नको. बाहेरच्या बाजूने पॉलिश पेपरवर घासून त्याला छिन्नीसारखी धार आणा.

रचनेच्या रेषा आणि कंस २एच पेन्सिलीने, अगदी फिके. अंतिम बाजू आणि वर्तुळं एचबीने. कागदाखाली चार-पाच कोरे कागद ठेवा. कडक टेबलावर सुई रुतत नाही, घसरते.

पट्टीची शून्याची कड झिजलेली असेल तर १ च्या खुणेपासून मोजा. मग १०.५ सेमीसाठी ११.५ ची खूण घ्यायची हे विसरू नका. ही चूक झाली तर अख्खा त्रिकोणच चुकतो आणि नंतरचे पडताळे का जुळत नाहीत हे कळत नाही.

*पडताळा:* कंपासमध्ये ५ सेमी अंतर घ्या. एका रेषेवर बिंदू घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे कंस काढा. दोन कंसांमधलं अंतर बरोबर १०.० सेमी आलं पाहिजे. अंतर घेताना झालेली चूक इथे दुप्पट होऊन दिसते, म्हणून हा पडताळा पट्टीवर पुन्हा पुन्हा डोळे लावण्यापेक्षा चांगला.

कोनमापक आणि गुण्या पेटीतच राहू द्या. पट्टीच्या खुणाही फक्त दिलेली मापं घ्यायला आणि शेवटी तपासायला.

२. सरावाला योग्य त्रिकोण घ्या

समभुज किंवा समद्विभुज त्रिकोणावर सराव करू नका. समभुज त्रिकोणात लंबदुभाजक, मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत), शिरोलंब (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर लंब) आणि कोनदुभाजक एकाच रेषेवर येतात. तुम्ही शिरोलंबाऐवजी मध्यगा काढली तरी उत्तर बरोबर दिसतं. मध्यगेला शिरोलंब समजण्याची सवय बहुतेकांना इथूनच लागते.

मी नेहमी हा त्रिकोण देते: बक = १०.५ सेमी, कअ = १० सेमी, अब = ६.५ सेमी. तो लघुकोन आहे, म्हणून सगळे संपातबिंदू, म्हणजे अशा तीन-तीन रेषा जिथे एकत्र मिळतात ते बिंदू, त्रिकोणाच्या आत येतात. ते एकमेकांपासून पुरेसे लांबही आहेत, आणि त्याची मापं पडताळायला सोपी आहेत.

क्रम असा:

१. कच्ची आकृती काढून तिच्यावर तिन्ही मापं लिहा.
२. सर्वांत मोठी बाजू बक खाली आडवी काढा, ब डावीकडे. रेषा दोन्ही टोकांच्या पुढे दोन-दोन सेंटिमीटर फिकट वाढवून ठेवा.
३. ब केंद्र, ६.५ सेमी त्रिज्या. क केंद्र, १० सेमी त्रिज्या. कंसांचा वरचा छेद म्हणजे अ.
४. अब आणि अक जोडा. या रेषाही थोड्या पुढे वाढवून ठेवा.

*पडताळा:* कअ आणि अब पुन्हा मोजा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर इथेच थांबा आणि नव्याने काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

*सावध:* विशालकोन त्रिकोण असेल तर परिकेंद्र (लंबदुभाजकांचा छेद) आणि शिरोलंबसंपात (शिरोलंबांचा छेद) दोन्ही त्रिकोणाच्या बाहेर जातात. परिकेंद्र सर्वांत मोठ्या बाजूच्या पलीकडे, शिरोलंबसंपात विशालकोनाच्या शिरोबिंदूच्या पलीकडे. कोन १२०° असेल तर त्या शिरोबिंदूपासून शिरोलंबसंपात बरोबर परित्रिज्येइतका, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या त्रिज्येइतका, लांब असतो. कागदावर तेवढी जागा सोडली नसेल तर अर्ध्यात अडकाल. काटकोन त्रिकोणात मात्र काढण्यासारखं थोडंच उरतं: परिकेंद्र कर्णाचा मध्य आणि शिरोलंबसंपात काटकोनाचा शिरोबिंदू.

३. लंबदुभाजक आणि परिकेंद्र

सुरुवात परिकेंद्राने करा. लंबदुभाजक काढले की बाजूंचे मध्यबिंदू फुकट मिळतात आणि पुढच्या टप्प्यात मध्यगांसाठी एकही नवा कंस काढावा लागत नाही. कोनदुभाजक आधी काढले तर कंसांची गर्दी होते आणि नंतर कुठला छेद कशाचा ते कळेनासं होतं.

कंपासमध्ये किती अंतर घ्यायचं? पुस्तकं सांगतात, निम्म्यापेक्षा जास्त. हे खरं, पण अपुरं. १०.५ सेमी बाजूसाठी ५.५ सेमी घेतलं तर दोन कंस एकमेकांना जेमतेम घासतात, छेदाच्या जागी लांबट काळा डाग पडतो आणि नेमका बिंदू त्यात कुठे हे ठरवता येत नाही. शिवाय वरचा आणि खालचा छेद अगदी जवळ येतात, त्यामुळे पट्टी किंचित हलली तरी रेषा बरीच कलते. बाजूच्या सुमारे सात दशांश अंतर घ्या. तेव्हा कंस जवळजवळ काटकोनात छेदतात आणि बिंदू टोकदार मिळतो. आपल्या त्रिकोणात बकसाठी ७.४, कअसाठी ७ आणि अबसाठी ४.६ सेमी.

१. अब या बाजूचा लंबदुभाजक काढा. दोन्ही टोकांवरून कंस काढेपर्यंत कंपासला हात लावू नका. अबचा मध्य न असं लिहा.
२. कअचा लंबदुभाजक काढा. मध्यबिंदू ध.
३. या दोन रेषांचा छेद प. तो सापडल्याबरोबर त्याच्याभोवती लहानसा गोल काढून नाव लिहा.
४. आता बकचा लंबदुभाजक. कंस काढा, पट्टी फक्त कंसांच्या दोन छेदांवर ठेवा, प बिंदूकडे पाहूही नका. रेषा ओढा. मध्यबिंदू द.

अब आणि कअ आधी का? दोन लंबदुभाजकांमधला कोन त्या बाजूंमधल्या कोनाइतका असतो. आपल्या त्रिकोणात अचा कोन सुमारे ७६° आणि कचा सुमारे ३७°. ७६° त छेदणाऱ्या रेषांचा बिंदू नेमका मिळतो. ३७° त छेदणाऱ्या रेषांपैकी एक जरी अर्धा मिलिमीटर सरकली तरी छेदनबिंदू दुसऱ्या रेषेवरून पाऊण मिलिमीटरहून जास्त सरकतो. म्हणून जास्तीत जास्त काटकोनाजवळ छेदणारी जोडी निवडायची आणि उरलेल्या रेषेला साक्षीदार ठेवायचं.

तिसरी रेषा प मधून गेली नाही तर ती खोडू नका. कंपासने पअ, पब, पक अंतरं ताडून पाहा. पअ = पब पण पक वेगळं, तर कअचा लंबदुभाजक चुकला. पअ = पक पण पब वेगळं, तर अबचा. तिन्ही सारखी असूनही तिसरी रेषा हुकली, तर दोष तिच्या कंसांत आहे. नेमकी तेवढीच रेषा पुन्हा काढा.

*पडताळा:* प केंद्र घेऊन पअ त्रिज्येने परिवर्तुळ काढा. तिन्ही शिरोबिंदूंतून जायला हवं. त्रिज्या सुमारे ५.४ सेमी, पद सुमारे १.३ सेमी.

४. मध्यगा आणि मध्यगासंपात

अद, बध, कन जोडा. झालं. नवे कंस काढू नका. ज्यांनी मध्यबिंदू पट्टीने मोजून घेतले त्यांच्या मध्यगा एक मिलिमीटर इकडेतिकडे जातात.

संपातबिंदूला ग म्हणा. अद सुमारे ६.६ सेमी, अग ४.४ आणि गद २.२. शिरोबिंदूकडचा भाग दुप्पट. हे प्रमाण उलटं लिहिण्याची चूक फार होते, तेव्हा लक्षात ठेवा: ग बाजूच्या जवळ, शिरोबिंदूपासून लांब.

५. शिरोलंब आणि शिरोलंबसंपात

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण हात नुकताच लंबदुभाजकाला सरावलेला असतो. बकच्या टोकांवरून कंस काढायचे आणि आलेल्या रेषेलाच शिरोलंब म्हणायचं, असं नकळत घडतं. शिरोलंबाची सुरुवात बाजूच्या टोकांपासून नसते, समोरच्या शिरोबिंदूपासून असते.

१. ब केंद्र घ्या. कअ रेषेला दोन ठिकाणी छेदेल एवढी त्रिज्या घ्या. शिरोलंब ६.३ सेमी आहे, म्हणून त्रिज्या ६.३ पेक्षा बरीच मोठी हवी. ८ सेमी चालेल, पण मग एक छेद अच्या पलीकडे वाढवलेल्या रेषेवर पडेल. दुसऱ्या टप्प्यात रेषा वाढवून ठेवायला सांगितलं ते याचसाठी.
२. मिळालेल्या दोन छेदांवरून समान त्रिज्येचे कंस काढा, बच्या विरुद्ध बाजूला. त्यांच्या छेदातून आणि ब मधून जाणारी रेषा हा शिरोलंब. पायाला ठ म्हणा.
३. हेच क वरून अब रेषेवर करा. पाय ड. या शिरोलंबाची लांबी सुमारे ९.७ सेमी आहे आणि त्रिज्या त्याहून मोठी लागते. कंपास तेवढा उघडत नसेल तर आधी अ वरून बकवर लंब टाका आणि कच्या शिरोलंबाला साक्षीदार म्हणून शेवटी घ्या. साक्षीदाराला मोठा कंपास मिळवता आला तर उत्तम, नाहीतर पुढच्या टप्प्यातली रेषाच साक्ष देईल.
४. अ वरचा शिरोलंब, पाय ट.
५. संपातबिंदू ल.

*सावध:* बाजूला छेदणारे दोन बिंदू अगदी जवळ आले तर त्रिज्या शिरोलंबापेक्षा जेमतेम मोठी आहे. कंस रेषेला घासतो, छेद धूसर होतो. त्रिज्या वाढवा.

*पडताळा:* बट = २.५ सेमी आणि अट = ६.० सेमी. द मात्र ब पासून ५.२५ सेमीवर आहे. ट आणि द एकच आले असतील तर तुम्ही शिरोलंबाऐवजी लंबदुभाजक किंवा मध्यगा काढली आहे. आणखी एक सुंदर पडताळा: अल हे पदच्या बरोबर दुप्पट असतं. इथे पद १.३३, अल २.६७.

६. एका रेषेत आहेत का?

अंतर्मध्याकडे, म्हणजे कोनदुभाजकांच्या छेदाकडे, जाण्याआधी हे करा. पट्टी प आणि ल वर ठेवा. ग त्याच रेषेवर असला पाहिजे, आणि गल हे पगच्या दुप्पट हवं. आपल्या त्रिकोणात पग सुमारे १.१ सेमी, गल सुमारे २.३, आणि पल ३.४ सेमी. ही ऑयलर रेषा. समभुज सोडून प्रत्येक त्रिकोणात ती मिळते.

ही तपासणी मला सर्वांत जास्त आवडते, कारण तीन बिंदू तीन वेगळ्या वाटांनी मिळवलेले असतात. परिकेंद्र लंबदुभाजकांतून, मध्यगासंपात जोडलेल्या रेषांतून, शिरोलंबसंपात टाकलेल्या लंबांतून. तिघं एका रेषेत आले आणि प्रमाणही जुळलं, तर तिन्ही रचना बरोबर आहेत असं निर्धास्तपणे धरून चाला. ग रेषेबाहेर एक मिलिमीटर गेला, तर प्रथम ल वर संशय घ्या. त्याच्यात सर्वांत जास्त कंस गुंतलेले असतात.

शिरोलंबांसाठी कंपास पुरला नव्हता? पग ही रेषा ग च्या पुढे वाढवा आणि पगच्या दुप्पट अंतर घ्या. हा बिंदू आणि तुमच्या दोन शिरोलंबांचा छेद एकाच जागी पडायला हवेत.

७. कोनदुभाजक आणि अंतर्वर्तुळ

१. ब केंद्र घेऊन शक्य तेवढ्या मोठ्या त्रिज्येचा कंस काढा, दोन्ही बाजूंना छेदणारा. ५ सेमी चांगले. २ सेमीचा कंस घेतला तर दुभाजक ठरवणारे बिंदू ब च्या अगदी जवळ येतात आणि रेषा लांब गेल्यावर चूक वाढत जाते.
२. दोन छेदांवरून समान त्रिज्येचे कंस काढून दुभाजक ओढा.
३. तसंच क वरून. छेद म, म्हणजे अंतर्मध्य.
४. अचा दुभाजक साक्षीदार.

आता ज्या ठिकाणी बरेचजण घसरतात ते. अंतर्वर्तुळाची त्रिज्या म पासून बाजूवर टाकलेला लंब असते. दुभाजक बाजूला जिथे छेदतो तिथपर्यंतचं अंतर नव्हे. आपल्या त्रिकोणात अचा दुभाजक बकला ब पासून सुमारे ४.१ सेमीवर छेदतो. म पासून त्या बिंदूचं अंतर २.४२ सेमी आहे आणि खरी त्रिज्या २.३३. फरक मिलिमीटरहूनही कमी, म्हणून नजर फसते. पण वर्तुळ काढल्यावर ते बाजूंना स्पर्श न करता किंचित ओलांडून जातं, आणि बाजू जाड पेन्सिलीने गिरवून ते झाकलं जातं.

५. म पासून बकवर लंब टाका, पाचव्या टप्प्यासारखाच. पाय स. मस त्रिज्येने अंतर्वर्तुळ काढा.

*पडताळा:* बस = ३.५ सेमी, सक = ७ सेमी, मस सुमारे २.३ सेमी. वर्तुळ आणि बाजू यांचा एकच बिंदू सामायिक दिसला पाहिजे.

८. हवा असेल तर: नऊ बिंदूंचं वर्तुळ

सगळं बरोबर आलं असेल तर इथे त्याची पावती मिळते. पलचा मध्य काढा. तो केंद्र घेऊन द पर्यंतच्या त्रिज्येने वर्तुळ काढा. ते द, ध, न या मध्यबिंदूंतून, ट, ठ, ड या शिरोलंबांच्या पायांतून आणि अल, बल, कल यांच्या मध्यांतून जातं. त्रिज्या परित्रिज्येच्या निम्मी, म्हणजे सुमारे २.७ सेमी.

आणि अंतर्वर्तुळ या वर्तुळाला आतून स्पर्श करतं. आपल्या त्रिकोणात दोन्ही केंद्रं बकपासून एकाच उंचीवर आहेत, जेमतेम ४ मिलिमीटर अंतरावर, त्यामुळे स्पर्शबिंदू डाव्या बाजूला, अब पासून अवघ्या २ मिलिमीटरवर पडतो. तिथे दोन्ही वर्तुळं हलक्या हाताने काढा. ती एकमेकांना न ओलांडता भेटताना पाहणं हे सगळ्या मेहनतीचं मोल आहे.

९. बहुभुजाकृतीआधी: कोणत्या शक्य आहेत?

पट्टी आणि कंपासने प्रत्येक सुसम (सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेली) बहुभुजाकृती काढता येत नाही. ३ ते २० बाजूंपैकी ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६, १७ आणि २० यांच्या अचूक रचना आहेत. ७, ९, ११, १३, १४, १८ आणि १९ यांच्या नाहीत. कुणाला सापडल्या नाहीत असं नव्हे, असूच शकत नाहीत. जर्मन गणिती गाउसने १७९६ मध्ये सतराबाजूंची आकृती शक्य असल्याचं दाखवलं, आणि कोणत्या अशक्य याची सिद्धता फ्रेंच गणिती वान्झेलने १८३७ मध्ये दिली. तेव्हा सप्तकोनाची ‘अचूक’ कृती कुणी दाखवली तर ती अंदाजे आहे हे आधीच धरून चाला.

पुढच्या सगळ्या रचनांसाठी वर्तुळाची त्रिज्या ५ सेमी घ्या. बाजूंची मापं अशी यायला हवीत: त्रिकोण ८.६६, चौरस ७.०७, पंचकोन ५.८८, षटकोन ५.००, अष्टकोन ३.८३, दशकोन ३.०९, बारा बाजू २.५९, पंधरा बाजू २.०८ सेमी.

१०. षटकोन आणि त्याच्यापासून निघणाऱ्या आकृती

वर्तुळ काढून झाल्यावर कंपास बंद करू नका. तेच अंतर परिघावर सहा वेळा टाका. कंपास मिटवून पुन्हा ५ सेमी घेतला तर दोन्ही वेळच्या मापात फरक पडतो, आणि तो सहा वेळा जमा होतो.

खुणा एकाच दिशेने सहा वेळा टाकण्यापेक्षा एक व्यास आधी काढा. त्याच्या दोन्ही टोकांवरून, त्याच त्रिज्येने, दोन्ही बाजूंना कंस टाका. चार नवे बिंदू मिळतात, प्रत्येक एकाच पावलाच्या अंतरावर. चूक साठत नाही.

*पडताळा:* समोरासमोरचे शिरोबिंदू जोडा. तिन्ही रेषा केंद्रातून जायला हव्यात.

एकाआड एक बिंदू जोडले की समभुज त्रिकोण. एका बाजूचा लंबदुभाजक काढून परिघापर्यंत नेला की बारा बाजूंचा मार्ग मोकळा. तो लंबदुभाजक केंद्रातून जातो का ते आधी पाहा. चौरस आणि अष्टकोनाचंही असंच: काटकोनात दोन व्यास, मग मधले कोन दुभागा.

११. पंचकोन, वर्तुळात

१. केंद्र व. आडवा व्यास चछ काढा, च डावीकडे.
२. चछचा लंबदुभाजक काढा. तो व मधून गेला पाहिजे. गेला नाही तर इथेच दुरुस्त करा, कारण पुढची सगळी मापं यावर उभी आहेत. वरच्या बाजूला परिघाला छेदतो तो ज.
३. वछचा मध्य झ काढा. संपूर्ण व्यासाचा नव्हे, उजव्या त्रिज्येचा.
४. झ केंद्र, झज त्रिज्या. कंस डावीकडे वळवून वच रेषेला छेदा. तो बिंदू य.
५. ज आणि य यांच्यातलं अंतर ही पंचकोनाची बाजू.

तीन अंतरं इथे एकमेकांत मिसळतात. झज ५.५९ सेमी, ही फक्त मधली त्रिज्या. वय ३.०९ सेमी, ही दशकोनाची बाजू. जय ५.८८ सेमी, हीच पंचकोनाची. पाचव्या पायरीआधी कंपास झ वरून उचलून ज वर ठेवायचा आणि य पर्यंत नव्याने उघडायचा. झज आणि जय यांत फक्त ३ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणून कंपास न बदलता पुढे गेलेल्यांना वाटतं की आपला हात हलला असेल.

६. ज पासून उजवीकडे दोन पावलं, डावीकडे दोन पावलं टाका. पाचही पावलं एकाच दिशेने टाकू नका.
७. खालचे दोन बिंदू राहिले. त्यांच्यातलं अंतर कंपासने ताडा. जोडू नका, आधी ताडा.

कंपासमध्ये अर्धा मिलिमीटर जास्त घेतला असेल तर खालची बाजू सुमारे अडीच मिलिमीटर कमी येते. चूक किती आणि कोणत्या दिशेची हे त्यावरून लगेच कळतं: खालची बाजू लहान, म्हणजे पाऊल मोठं होतं. कंपास एका केसाइतका मिटवा आणि सहावी पायरी पुन्हा करा.

१२. पंचकोन, बाजू दिलेली असताना

इथे वर्तुळ नाही, म्हणून अकराव्या टप्प्याची कृती चालत नाही. समजा बाजू चछ = ४ सेमी.

१. चछ रेषा छच्या पुढे ५ सेमी वाढवा. छ पाशी लंब उभारा: छच्या दोन्ही बाजूंना समान अंतरं घेऊन त्यांचा लंबदुभाजक.
२. लंबावर छज = चछ घ्या.
३. चछचा मध्य झ. झ केंद्र, झज त्रिज्या, कंस वाढवलेल्या रेषेला छच्या पुढे य मध्ये छेदतो.
४. चय हा पंचकोनाचा कर्ण, सुमारे ६.४७ सेमी.
५. च आणि छ दोन्हींवरून कर्णाच्या त्रिज्येने कंस: वरचा शिरोबिंदू. च वरून बाजूची आणि छ वरून कर्णाची त्रिज्या: डावा. उलट केलं की उजवा.

*पडताळा:* वरचा शिरोबिंदू डाव्या आणि उजव्या शिरोबिंदूपासून ४ सेमीवर हवा. ही दोन अंतरं रचनेत कुठेच वापरलेली नाहीत, म्हणून तीच खरी साक्ष.

१३. पंधरा बाजू

२.०८ सेमीचं पाऊल पंधरा वेळा टाकायचा मोह टाळा. एकाच वर्तुळात, एकाच बिंदूपासून, पंचकोन आणि समभुज त्रिकोण दोन्ही बसवा. त्या बिंदूपासून एकाच दिशेने पंचकोनाचं दुसरं पाऊल १४४° वर पडतं, त्रिकोणाचं पहिलं १२०° वर. फरक २४°, म्हणजे वर्तुळाचा पंधरावा भाग. तेवढं अंतर कंपासमध्ये घ्या, आणि पंचकोनाच्या पाच शिरोबिंदूंपासून प्रत्येकी डावीकडे एक आणि उजवीकडे एक खूण करा. पंधराही बिंदू मिळतात, आणि कुठलाच बिंदू पंचकोनापासून एका पावलापेक्षा लांब नसतो.

१४. सप्तकोन आणि नवकोन: अंदाजे काढताना

सप्तकोनासाठी समभुज त्रिकोणाच्या बाजूचा निम्मा भाग पाऊल म्हणून घ्या. ५ सेमी त्रिज्येत हे ४.३३ सेमी येतं आणि खरी बाजू ४.३४ आहे. सात पावलांनंतर सुमारे पाऊण मिलिमीटर कमी पडतं. चांगली रचना, फक्त ती अंदाजे आहे.

व्यासाचे बाजूंच्या संख्येइतके समान भाग करून, व्यासावर समभुज त्रिकोण उभारून, त्याच्या टोकापासून व्यासावरच्या दुसऱ्या भागाच्या खुणेतून परिघापर्यंत रेषा नेण्याची कृती सगळ्या बहुभुजाकृतींसाठी म्हणून शिकवली जाते. त्रिकोण, चौरस आणि षटकोनाला ती अचूक आहे. पंचकोनाला इतकी जवळ, की कागदावर फरक दिसत नाही. सप्तकोनात सात पावलांनी सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त होतो. नवकोनात मात्र पाऊल ४०° ऐवजी सुमारे ४०.२८° येतं आणि नवव्या पावलाला दोन मिलिमीटरहून जास्त पुढे जातं. हात कितीही स्थिर असला तरी ही चूक राहणारच, तेव्हा ती दुरुस्त करायला कंपासशी झटापट करू नका.

अशा आकृतीत पावलं वरच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना टाका, राहिलेला फरक खालच्या बाजूत पडू द्या, आणि आकृतीखाली ‘अंदाजे’ हा शब्द लिहा.